क्ष-किरणांचा हातदर्शक : पाहणाऱ्याच्या हाताची कथा

विल्हेल्म कॉनराड राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला, ही गोष्ट आपल्या शाळेतील लहान विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. परंतु त्या किरणांनी दाखविलेली शरीरातील छाया डॉक्टरांनी आरंभी कशातून पाहिली, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. आज रुग्णालयात हे चित्र संगणकाच्या पडद्यावर उमटते. काही वर्षांपूर्वीपर्यंत ते काळसर फिल्मवर उमटे आणि डॉक्टर ती फिल्म उजेडासमोर धरून वाचीत. त्याच्याही फार आधी, १८९६ पासून पुढची काही वर्षे, शरीरातील हाड किंवा रुतलेली गोळी तत्काळ पाहावयाची असल्यास एका लहानशा पेटीत डोळे घालावे लागत. खाली मूठ, एका बाजूस रुंद, डोळ्यांकडे निमुळती होत आलेली ती पेटी म्हणजे फ्लुओरोस्कोप. या लेखापुरते तिला आम्ही ‘हातदर्शक’ म्हणणार आहोत.

स्मरणिकेतील अभ्यासलेखासाठी हा विषय निवडण्यास दोन कारणे आहेत. पहिले असे, की या पेटीचे तत्त्व माध्यमिक शाळेच्या विज्ञानाच्या आवाक्यातील आहे. छाया कशी पडते, पदार्थ का चमकतो, अंधारात डोळा कसा सरावतो, एवढे समजले की हातदर्शक समजला. दुसरे कारण अधिक जिव्हाळ्याचे आहे. आपल्या वसतिगृहातून शिकून बाहेर पडणारी मुले-मुली परिचर्या, प्रयोगशाळा आणि क्ष-किरण विभाग यांतील नोकऱ्यांकडे वळतात. त्या खोलीत काम करताना त्यांच्या छातीवर जी लहानशी बिल्लावजा पट्टी लावलेली असते, तिचा इतिहास या जुन्या पेटीपासून सुरू होतो. तो इतिहास माहीत असलेला कर्मचारी ती पट्टी खुंटीवर टांगून ठेवणार नाही, अशी आमची धारणा आहे.

‘क्ष’ म्हणजे काय?

आरंभ नावापासून करू. बीजगणितात जी राशी ठाऊक नसते तिला आपण ‘क्ष’ मानतो. युरोपात तिलाच ‘एक्स’ म्हणतात. राँटगेन यांना सापडलेल्या किरणांचे स्वरूप त्यांना उलगडले नव्हते, म्हणून त्यांनी त्यांना ‘एक्स-किरण’ असे तात्पुरते नाव दिले. मराठीने अक्षराचे नुसते लिप्यंतर केले नाही, त्यातील अर्थ उचलला आणि ‘क्ष-किरण’ हा शब्द घडविला. ‘जे अजून कळलेले नाही ते’ असा प्रांजळ कबुलीजबाब या नावात आहे. तो ध्यानात ठेवला, तर पुढे जे घडले त्याचा अर्थ लागतो. किरणांचा उपयोग सर्वांना एका महिन्यात कळला. त्यांचा स्वभाव कळण्यास मात्र वर्षे लागली, आणि मधल्या काळात माणसे प्राणास मुकली.

शोध आणि पहिली अडचण

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे राँटगेन आपल्या प्रयोगशाळेत काचेच्या निर्वात नळीतून विद्युत्‌प्रवाह सोडून पाहत होते. नळी काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकलेली होती. तरीही काही अंतरावर ठेवलेला, बेरियम प्लॅटिनोसायनाइड या क्षाराचा लेप दिलेला पडदा अंधारात चमकू लागला. डोळ्यांना न दिसणारे काहीतरी पुठ्ठा भेदून पडद्यापर्यंत पोहोचत होते. पुढचे काही आठवडे त्यांनी एकट्याने, अत्यंत बारकाईने हा प्रकार तपासला. २२ डिसेंबर रोजी पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले आणि डिसेंबरच्या अखेरीस आपला निबंध सादर केला. जानेवारी १८९६ मध्ये ही बातमी जगभर पसरली. राँटगेन यांनी या शोधाचे एकस्व घेतले नाही. भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ मध्ये त्यांनाच मिळाले.

डॉक्टरांच्या दृष्टीने मात्र एक अडचण होती. छायाचित्राच्या काचेवर प्रतिमा उमटविण्यास त्या काळी कित्येक मिनिटे लागत. मग ती काच अंधाऱ्या खोलीत रसायनांनी धुवावी, वाळवावी, तेव्हा कोठे हाड दिसे. हाडाचे तुकडे जुळले की नाही, सुई नेमकी कोठे रुतली आहे, हे रुग्ण समोर असतानाच पाहावयाचे असेल तर दुसरी युक्ती हवी होती. ती युक्ती राँटगेन यांच्या पहिल्या निरीक्षणातच दडलेली होती. पडदा चमकतो, तर छायाचित्र न घेता थेट त्या पडद्याकडेच का पाहू नये?

पेटीची रचना

इटलीतील पेरुजा येथील भौतिकशास्त्रज्ञ एनरिको साल्व्हिओनी यांनी फेब्रुवारी १८९६ मध्ये असे साधन मांडले. पुठ्ठ्याची एक आखूड नळी, तिच्या एका तोंडाला काळा कागद, त्या कागदाच्या आतील अंगास चमकणाऱ्या क्षाराचा थर, आणि दुसऱ्या तोंडाला डोळा लावण्याची सोय. त्यांनी याला ‘क्रिप्टोस्कोप’ म्हटले; ‘लपलेले दाखविणारे’ असा त्याचा अर्थ. त्याच सुमारास अमेरिकेत प्रिन्स्टन येथे विल्यम मॅगी यांनी आणि लगोलग टॉमस एडिसन यांनी याच तत्त्वावरची साधने केली. एडिसन यांचे ‘फ्लुओरोस्कोप’ हे नाव रूढ झाले.

पुढे बाजारात आलेल्या हातदर्शकाचे रूप साधारण असे असे. लाकडाची किंवा जाड पुठ्ठ्याची चौकोनी पेटी, डोळ्यांकडील तोंड चेहऱ्यावर बरोबर बसेल असे वळविलेले, आणि त्या कडेला बाहेरचा उजेड आत शिरू नये म्हणून मऊ लोकर किंवा मखमल लावलेली. रुंद तोंडास पडदा. खाली धरण्यास मूठ. डॉक्टर एका हाताने मूठ धरून पेटी चेहऱ्यास टेकवीत. पडद्याच्या पुढे रुग्णाचा हात किंवा पाय असे, आणि त्याच्या पलीकडे विजेने चेतविलेली निर्वात नळी. नळी, अवयव, पडदा आणि डोळा ही चारही एका सरळ रेषेत येत. हा शेवटचा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा. किरणांच्या वाटेवर पडदा होता. आणि पडद्याच्या मागे, त्याच वाटेवर, पाहणाऱ्याचे डोके होते.

हाड काळे का आणि पांढरे का?

येथे विद्यार्थ्यांच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे. आपण पाहतो त्या फिल्मवर हाड पांढरे असते; हातदर्शकात मात्र ते काळे दिसे. दोन्ही बरोबर आहेत. कारण असे. आपले मांस मुख्यतः हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन या हलक्या मूलद्रव्यांचे बनलेले आहे. हाडात कॅल्शियम आहे. त्याचा अणुअंक २० आहे. अणू जितका जड, तितका तो क्ष-किरणांना अधिक अडवितो. म्हणून हाडामागे थोडेच किरण पोहोचतात. हातदर्शकाचा पडदा किरण पडतील तेथे चमकतो. हाडामागे तो चमकत नाही, म्हणून हाड काळे. फिल्मचे उलट असते. किरण पडतील तेथे ती काळी होते. हाडामागे ती काळी होत नाही, म्हणून हाड पांढरे. छाया एकच, तिची नोंद घेणारा पदार्थ बदलला की रंग उलटतो.

याच नियमाने पडद्याचेही रहस्य उलगडते. पडद्यावरील क्षाराने किरण अडवून त्यांची ऊर्जा दृश्य प्रकाशात बदलली पाहिजे. या गुणाला प्रतिदीप्ती म्हणतात. त्यासाठी क्षारात जड अणू असणे फायद्याचे. बेरियमचा अणुअंक ५६, प्लॅटिनमचा ७८. परंतु प्लॅटिनम महाग. एडिसन यांनी हजाराहून अधिक क्षार तपासून कॅल्शियम टंगस्टेट निवडले. टंगस्टनचा अणुअंक ७४. हा क्षार स्वस्त आणि निळसर उजेड देणारा. पुढे अनेक दशके क्ष-किरणांच्या पडद्यांत तो वापरला गेला.

आपल्या भूमीतील तोच क्षार

हे नाव परके वाटेल. पण तो पदार्थ आपल्या शेजारीच आहे. कॅल्शियम टंगस्टेट निसर्गात खनिजरूपाने आढळते. त्या खनिजास शीलाइट म्हणतात. आपल्या जिल्ह्यातील साकोलीच्या नावाने भूवैज्ञानिक ज्या प्राचीन खडकांना ‘साकोली समूह’ म्हणतात, त्या खडकांच्या पट्ट्यात, शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील कुही, खोबना आणि आगरगाव या भागात टंगस्टनची खनिजे आढळली आहेत. शीलाइट ओळखण्याची रीत हातदर्शकाच्या तत्त्वाचीच आहे. रात्रीच्या अंधारात खडकावर अतिनील किरणांचा दिवा धरावा. शीलाइट असेल तर ते निळसर पांढरे चमकते. न दिसणारा किरण पडावा आणि दिसणारा उजेड निघावा, हीच ती प्रतिदीप्ती. भंडारा-पवनीच्या वाटेने जाणाऱ्या विद्यार्थ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की जगाच्या वैद्यकशास्त्राने ज्या क्षाराच्या उजेडात हाडे पाहिली, तो क्षार आपल्या परिसरातील खडकांनाही अपरिचित नाही.

भारतातील पहिली पावले

शोधानंतर अल्पावधीतच हे तंत्र भारतात पोहोचले. १८९७-९८ मध्ये वायव्य सरहद्दीवरील तिराह मोहिमेत ब्रिटिश सैन्यातील शल्यचिकित्सक वॉल्टर बीव्हर यांनी क्ष-किरणांचे साहित्य डोंगराळ मुलखात नेले आणि जखमींच्या शरीरातील गोळ्या शोधण्यासाठी त्याचा उपयोग केला. तोवर रुतलेली गोळी शोधण्याचा मार्ग म्हणजे जखमेत सळई घालून चाचपणे. त्या वेदना आणि त्यातून होणारी जंतुबाधा यांचा विचार केला, म्हणजे गोळीची छाया दिसणे हे केवढे मोठे वरदान होते हे कळते.

कलकत्त्यास प्रेसिडेन्सी कॉलेजात आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी राँटगेन यांच्या किरणांचे साहित्य जमविले होते. ते पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. तरीही डॉक्टर नीलरतन सरकार यांच्यासारखे वैद्य रुग्णाच्या मोडलेल्या हाडाच्या तपासणीसाठी त्यांचे साहाय्य घेत. विज्ञानाची प्रयोगशाळा आणि रुग्णशय्या यांच्यातील अंतर या किरणांनी असे मिटविले.

पाहणाऱ्याने दिलेली किंमत

मे १८९६ मध्ये न्यूयॉर्कच्या विद्युत् प्रदर्शनात एडिसन यांनी सामान्य लोकांना आपल्याच हाताची हाडे पाहण्याची सोय केली. लोकांनी रांगा लावल्या. सारे जग या नवलाने भारले होते. किरण डोळ्यांना दिसत नव्हते, त्वचेला जाणवत नव्हते, त्यांना वास नव्हता. ज्याची वेदना होत नाही त्याने इजा होईल कशी, असेच बहुतेकांना वाटले.

इजेचे एक कारण रोजच्या कामाच्या रीतीतच होते. त्या काळच्या निर्वात नळ्या लहरी असत. नळीत उरलेल्या वायूचे प्रमाण बदलले, की किरणांची भेदकशक्ती बदले. काम सुरू करण्यापूर्वी नळी नीट चालते की नाही हे पाहण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे एका हातात हातदर्शक धरायचा, दुसरा हात पडद्यासमोर आणायचा आणि आपल्या बोटांची हाडे स्पष्ट दिसतात का ते पाहायचे. रुग्ण एकदा येई आणि जाई. पाहणारा मात्र रोज, अनेक वेळा, वर्षानुवर्षे तोच हात किरणांत धरी.

परिणाम प्रथम त्याच हातावर दिसले. त्वचा लाल होणे, केस गळणे, नखे ठिसूळ होणे, न भरणारे व्रण, आणि अखेर कर्करोग. एडिसन यांचे सहकारी क्लॅरेन्स डॅली हे काच फुंकण्याच्या कामातील कुशल कारागीर होते. नळ्या घडविणे आणि त्या तपासणे हे त्यांचे काम. त्यांचे हात कापावे लागले, तरी रोग थांबला नाही. १९०४ मध्ये, वयाच्या चाळिशीच्या आतच, त्यांचा मृत्यू झाला. एडिसन यांनी त्यापूर्वीच क्ष-किरणांवरील काम सोडून दिले होते. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथील डॉक्टर जॉन हॉल-एडवर्ड्‌स यांनी १९०८ मध्ये आपला डावा हात गमावला. सॅन फ्रान्सिस्को येथे क्ष-किरणांचे काम करणाऱ्या एलिझाबेथ फ्लाइशमन यांचे १९०५ मध्ये याच कारणाने निधन झाले. जर्मनीतील हांबुर्ग येथे १९३६ मध्ये क्ष-किरणांमुळे प्राणास मुकलेल्या वैद्यांचे, शास्त्रज्ञांचे, तंत्रज्ञांचे आणि परिचारिकांचे स्मारक उभारले गेले, तेव्हा त्यावर १६९ नावे कोरलेली होती. पुढे त्यांत भरच पडली.

यामागचे कारण आज ठाऊक आहे. क्ष-किरणांत इतकी ऊर्जा असते, की ते पेशीतील अणूंपासून इलेक्ट्रॉन विलग करतात आणि त्यातून आनुवंशिक द्रव्यास धक्का पोहोचतो. पुष्कळसे घाव पेशी स्वतः दुरुस्त करते. घाव वारंवार होत राहिले, तर दुरुस्तीत चुका साचतात आणि त्या वर्षांनंतर रोगरूपाने प्रकट होतात. कृती आज आणि फळ दहा वर्षांनी, असे हे अंतर असल्यामुळेच आरंभीचे लोक फसले.

इशारा देणारे कोणी नव्हते असे मात्र नाही. बोस्टन येथील दंतवैद्य विल्यम रोलिन्स यांनी १९०१ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखवून दिले, की क्ष-किरण जिवंत प्राण्याचा प्राण घेऊ शकतात. नळीभोवती किरण अडविणारे आवरण हवे, पाहणाऱ्याने संरक्षक काचेतून पाहावे, आणि तपासावयाच्या भागापुरतेच किरण सोडावेत, असे त्यांचे सांगणे होते. फार थोड्यांनी तेव्हा ते ऐकले. नळी तपासण्यासाठी स्वतःच्या हाताऐवजी सांगाड्याचा हात बसविलेली साधनेही निघाली. ती पुष्कळांच्या कामी आली. पण ज्यांचे हात आधीच गेले होते त्यांना उशीर झाला होता.

अंधार, तांबडा चष्मा आणि नवे मार्ग

हातदर्शक हळूहळू मागे पडला. त्याच्या जागी भिंतीशी पक्का बसविलेला मोठा पडदा आला, पडद्यावर शिसेयुक्त काच आली, डॉक्टरांच्या अंगावर शिशाचा एप्रन आला. शिशाचा अणुअंक ८२. किरण अडविण्याचा नियम येथेही तोच. तरीही पडद्याचा उजेड इतका मंद असे, की डोळा अंधारास सरावल्याखेरीज काही दिसत नसे. आपल्या डोळ्यात मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी असतात. त्यांना पूर्ण जागे होण्यास वीस-तीस मिनिटे लागतात. या पेशी तांबड्या रंगास फारशा प्रतिसाद देत नाहीत, हे ओळखून १९१६ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म ट्रेंडेलेनबुर्ग यांनी तांबड्या काचांचा चष्मा सुचविला. डॉक्टर उजेडात तो घालून फिरत आणि दंडपेशी मात्र अंधारातच असल्याप्रमाणे तयार होत राहत. क्षयरोगाच्या छातीतपासणीत असे कित्येक डॉक्टर दीर्घकाळ अंधाऱ्या खोलीत बसले आहेत. १९५० च्या दशकात प्रतिमेचा उजेड कित्येक पट वाढविणारी नळी वापरात आली आणि डोळा किरणांच्या वाटेवरून कायमचा बाजूस झाला.

तुर्भ्याची पट्टी : तोच उजेड, दुसरे काम

आता आम्ही लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्या राज्यात मुंबईजवळ तुर्भे येथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. किरणोत्साराच्या सान्निध्यात काम करणाऱ्यांना किती किरण लागले हे मोजण्याची जी पद्धत आपल्या देशात रूढ आहे, ती तेथील संशोधनातून आली. या पट्टीला टीएलडी बॅज म्हणतात. तिच्यात कॅल्शियम सल्फेट या क्षारात डिस्प्रोशियम नावाच्या मूलद्रव्याचा अंश मिसळून केलेल्या लहान चकत्या असतात. किरण पडले, की त्यांची ऊर्जा चकतीत अडकून राहते. ठरावीक मुदतीनंतर पट्टी प्रयोगशाळेत जाते, चकती तापविली जाते आणि अडकलेली ऊर्जा उजेडाच्या रूपाने बाहेर पडते. उजेड जितका जास्त, तितके किरण जास्त.

विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबून दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवाव्यात. एडिसन यांच्या पेटीत कॅल्शियमचा एक क्षार चमकत असे आणि रुग्णाचे हाड दाखवीत असे. आजच्या पट्टीत कॅल्शियमचाच दुसरा क्षार चमकतो आणि पाहणाऱ्याला किती इजा पोहोचली ते दाखवितो. पहिला उजेड रुग्णाकडे वळलेला होता. दुसरा तंत्रज्ञाकडे वळला. या दोन उजेडांच्या मध्ये हांबुर्गच्या दगडावरील नावे आहेत. विज्ञानाची प्रगती केवळ अधिक स्पष्ट दिसण्यात मोजता येत नाही. जो पाहतो आणि ज्याला पाहिले जाते, त्या दोघांची काळजी घेण्यास आपण किती शिकलो, हेही तिचे माप आहे.

भारतात १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. त्याचे मुख्यालयही मुंबईतच आहे. क्ष-किरण यंत्राची नोंदणी, खोलीच्या भिंतींची जाडी आणि कर्मचाऱ्यांची किरणमात्रा यांविषयीचे नियम त्याच्या अखत्यारीत येतात. कर्मचाऱ्याची मात्रा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टपेक्षा आणि कोणत्याही एका वर्षी ३० मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त होऊ नये, अशी मर्यादा आहे. तुलनेसाठी सांगावयाचे तर माती, हवा, अन्न आणि अवकाश यांतून जगातील माणसाला निसर्गतःच वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते, आणि छातीच्या एका साध्या तपासणीत सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी.

कामास जाणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी

संरक्षणाची सूत्रे तीन : वेळ, अंतर, आडोसा. किरणांत कमीत कमी वेळ राहावे. शक्य तितके दूर उभे राहावे. अंतर दुप्पट केले की मात्रा चौथा हिस्सा होते, तिप्पट केले की नववा. मध्ये शिसे किंवा जाड भिंत असावी. पट्टी छातीवर, एप्रनच्या आत लावावी. ती दुसऱ्यास वापरावयास देऊ नये आणि ती प्रयोगशाळेत मुदतीत जाते की नाही हे विचारण्याचा संकोच करू नये. मालक किंवा वरिष्ठ ‘एवढ्याने काय होते’ असे म्हणतील, तेव्हा डॅली यांचे नाव आठवावे. पट्टी आणि एप्रन मागणे हा हट्ट नाही. तो कामगाराचा हक्क आहे.

रुग्णाच्या बाजूनेही काही गोष्टी सांगणे अगत्याचे आहे. गरोदर स्त्रीने तसे आधीच सांगावे. रडणाऱ्या मुलाला धरावे लागल्यास धरणाऱ्यास एप्रन द्यावा. डॉक्टरांनी न सुचविता हौसेने तपासणी करून घेऊ नये. मात्र आवश्यक तपासणी भीतीने टाळूही नये. आपल्या जिल्ह्यात तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. खाणकामगारांच्या फुप्फुसांस धुळीने होणारी इजा वेळीच कळावी म्हणून त्यांच्या छातीची क्ष-किरण तपासणी ठरावीक काळाने व्हावी लागते. क्षयरोगाच्या शोधासाठी तर आता हाती धरता येईल असे क्ष-किरण यंत्र गावोगावी नेले जाते. शतकापूर्वी पाहण्याची पेटी हातात होती. आज किरण सोडणारे यंत्रच हातात आले आहे. चित्र दूर ठेवलेल्या संगणकावर उमटते, डोळा किरणांच्या वाटेवर येत नाही. तरीही यंत्र धरणाऱ्या हाताने नियम पाळावयाचेच आहेत.

एक गैरसमजही दूर करावा. क्ष-किरणांची खोली यंत्र बंद असताना धोक्याची नसते. दिव्याचे बटण दाबले की उजेड जातो, तसे यंत्र बंद होताच क्ष-किरण थांबतात. भिंतीत किंवा अंगात ते साठून राहत नाहीत.

करून पाहा

क्ष-किरणांविनाही हातदर्शकाचे तत्त्व अनुभवता येते. पुठ्ठ्याची निमुळती पेटी करून तिच्या रुंद तोंडास पातळ बटर पेपर ताणून चिकटवावा आणि अरुंद तोंडाच्या कडेला मऊ कापड लावावे. अंधाऱ्या खोलीत पेटीसमोर काही अंतरावर विजेरी ठेवावी आणि मध्ये, कागदाच्या अगदी जवळ, पिंपळाचे पान धरावे. पानाच्या शिरा गडद आणि मधला भाग फिका दिसेल. जेथे पदार्थ दाट तेथे छाया दाट, हा नियम उलगडेल. मग विजेरीवर कागदाच्या चार-पाच घड्या ठेवून उजेड अगदी मंद करावा. आरंभी काहीच दिसणार नाही. दहा मिनिटे अंधारात शांत बसल्यावर तेच पान पुन्हा दिसू लागेल. डोळ्याचे सरावणे म्हणजे काय, हे त्यातून कळेल. पान कागदापासून दूर नेल्यास छाया मोठी आणि अस्पष्ट का होते, याचे उत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या वहीत आकृती काढून लिहावे.

समारोप

तथागतांनी केसपुत्ताच्या कालामांना सांगितले, की केवळ ऐकीव म्हणून काही मानू नये, स्वतः पारखून पाहावे. धम्माला ‘एहिपस्सिक’, म्हणजे ‘या आणि पाहा’ असे म्हणण्याजोगा, हे विशेषण आहे. हातदर्शक हे अशा पाहण्याचेच एक साधन होते. त्याने सळईच्या वेदना थांबविल्या, मोडलेले हाड दाखविले, माणसाला स्वतःच्या देहाचे ज्ञान दिले. परंतु नुसते पाहणे पुरेसे ठरले नाही. परिणामांचा विचार करून सावध राहणे, ज्याला पाली भाषेत ‘अप्पमाद’ म्हणतात, ते त्या पाहण्यास जोडले गेले तेव्हाच ते सुरक्षित झाले. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रज्ञेबरोबर शील आणि करुणा यांचा आग्रह धरला, त्याचा अर्थ विज्ञानाच्या तासालाही असाच लावता येतो. ज्ञान हवे, त्या ज्ञानाच्या वापरात शिस्त हवी, आणि त्या शिस्तीच्या मुळाशी दुसऱ्याच्या देहाविषयी कळवळा हवा.

आपल्या विद्यालयातून उद्या जे विद्यार्थी पांढरा डगला चढवून एखाद्या रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात उभे राहतील, त्यांनी कामास आरंभ करण्यापूर्वी आपल्या दोन्ही हातांकडे एकदा पाहावे. ज्यांनी आपले हात गमावून हे नियम आपल्याला दिले, त्यांच्याविषयी कृतज्ञता बाळगावी, पट्टी छातीवर लावावी, आणि मग रुग्णास आत बोलवावे. त्यांच्या हातून निर्दोष आणि निरामय सेवा घडो, ही मंगलकामना.